माशाचा डोळा आणि कडेला उभा मी

तुमच्या शेजारी बसणाऱ्या माणसाच्या हातात तुमच्यापेक्षा चांगली वस्तू आली, तर त्या वस्तूत खोट शोधायला तुम्हाला किती वेळ लागतो?

मला वेळ लागलाच नाही. मित्राने टॉवेलाच्या घडीतून ती लेन्स काढून सतरंजीवर ठेवली, आणि ती धड पाहायच्या आधीच मी म्हणालो, "ही खोटं बोलणारी काच आहे."

"आधी हात तं लाव," तो म्हणाला. "मंग शिव्या दे."

माशाचा डोळा म्हणतात ती लेन्स होती, फिशआय. समोरची काच बुबुळासारखी पुढे आलेली, इतकी की तिच्यावर फिल्टर बसवायची सोयच नव्हती. झाकणसुद्धा टोपीसारखं वरून घालायचं. त्यात ही साधी फिशआय नव्हती, झूम होती. कडं एका टोकाला फिरवलं की समोरचं अर्धं जग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धनुष्यासारखं वाकून आत यायचं. दुसऱ्या टोकाला फिरवलं की तेच जग जरा शहाण्यासारखं वागायचं, फक्त कडांना थोडा बाक राहायचा. म्हणजे किती वाकवायचं तेही आपल्याच बोटांत. मित्राचे दाजी कुवेतला होते. सुट्टीवर येताना त्यांनी कॅमेरा आणि ही लेन्स आणली होती. माझी बहीण शिंदखेड्याला दिलेली. माझे दाजी येताना भुईमुगाच्या शेंगा आणायचे.

नव्वदचं दशक तेव्हा निम्म्यावर आलं होतं. जळगावात एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत लोकांच्या प्रश्नांवर पत्रकं काढणारं आमचं मंडळ बसायचं. गिरणी सुरू झाली की खोलीतली प्रत्येक वस्तू थरथरायची आणि आमच्या पत्रकांवर पिठाचा बारीक थर बसायचा. लोक पत्रक हातात घेऊन आधी झटकायचे, मग वाचायचे. मजकूर मी लिहायचो. फोटोही माझेच असायचे. मित्र रावेरकडचा, घरी केळीच्या बागा. तो मंडळात आला तो मोटरसायकल घेऊन, आणि तिच्यामुळेच सुरुवातीला टिकला असं मी सगळ्यांना सांगायचो. एकदा त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "खरं आहे भाऊ, पेट्रोल संपलं का मी घरी."

मी वाढलोच पत्रकांवर. वडील छापखान्यात मशीनवर होते. खराब निघालेले कागद घरी यायचे. फळीवर डब्यांखाली पत्रकं, पुस्तकांना कव्हर पत्रकांचं, दाराच्या फटीत पत्रकांच्या घड्या. शाळेत जायच्या आधी मी 'बंधूंनो आणि भगिनींनो' वाचायला शिकलो, आणि उद्गारचिन्ह मला काना-मात्रेइतकंच ओळखीचं होतं. घरात कुणी भाजीत मीठ कमी आहे म्हणालं तरी ते निषेधासारखं ऐकू यायचं. अशा घरातल्या मुलाला तत्त्वं लवकर येतात. माझं फोटोचं तत्त्व असं होतं: माणसाला माणसाच्या डोळ्याने जसं दिसतं तसंच दाखवायचं. सरळ उभं राहायचं, सरळ पाहायचं, सरळ दाबायचं. माझ्याकडे धुळ्याच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून घेतलेला जुना कॅमेरा होता आणि त्याला पन्नास मिलिमीटरची साधी, एकच लेन्स होती. दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. तत्त्व त्यातूनच उगवलं असेल, पण ते माझं होतं आणि मी त्यासाठी कुणाशीही भांडायला तयार होतो.

मित्र भांडायला तयार नव्हता. तो फोटो काढत सुटला.

सगळ्यात आधी तो आपल्या केळीच्या बागेत शिरला. भर दुपारी, आत हिरवा अंधार असतो तेव्हा. बुंध्यांच्या मधोमध बसून त्याने लेन्स वर धरली. छापून आलेल्या फोटोत सगळे बुंधे चारी बाजूंनी आत झुकलेले होते आणि मधे वर, पानांच्या चिंध्यांमधून, आकाशाचा ताटलीएवढा तुकडा. मी लहानपणापासून केळीच्या बागा पाहत आलोय. बागेत उभं राहिल्यावर जो गारवा मानेवर बसतो, तो कागदावर येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मी फोटो परत दिला आणि म्हणालो, "बुंधे वाकडे आलेत."

मग तो दीपनगरला गेला. तिथल्या वीजकेंद्राच्या चिमण्या मी बसमधून, रेल्वेतून पाहिलेल्या. त्याच्या फोटोत त्या दोन्हीकडून एकमेकींकडे झुकून काहीतरी कुजबुजत असल्यासारख्या दिसत होत्या. गिरणीवाल्याने तो फोटो पाहिला आणि मागून घेतला. चक्कीच्या वर, देवाच्या शेजारी लावला. माझ्या एकाही फोटोला गिरणीवाल्याने कधी विचारलं नव्हतं. आम्ही त्याचं भाडं वेळेवर देत नसू, हे कारण असेल असं मी तोवर समजत होतो.

एकदा मित्राने कॅमेरा माझ्या हातात दिला. "पाह्य ना भाऊ. डोया लावून पाह्य, काही झिजत नाही."

आमच्याकडे ळ चा य होतो. डोळ्याचा डोया, केळीची केयी. मी शहरात वाढलो, पत्रकांची भाषा बोलायचो, आणि मला त्याच्या त्या य चाही राग यायला लागला होता.

मी डोळा लावला. मंडळाची सबंध खोली त्यात होती. सतरंजी, पत्रकं काढायचं यंत्र, दोन्ही खिडक्या, दारातल्या चपला, छताचा पंखा. अगदी खाली, कडेला, माझ्याच पायांचे अंगठे. मी कडं फिरवलं. खोली श्वास घेतल्यासारखी फुगली आणि परत बसली. मला ती लेन्स इतकी हवीशी वाटली की तोंडाला पाणी सुटलं, अक्षरशः, आंबट काही पाहिल्यासारखं. मी कॅमेरा परत दिला.

"पाय येतात फोटोत," मी म्हणालो.

"मंग पाय पोटाशी घ्यायचे," तो म्हणाला.

एवढं सगळं मी गिळलं असतं. पण शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात बैठक ठरली, आणि तिथे माझी जागा पणाला लागली.

त्या गावाची शेती पावसाच्या भरवशावर, बाकी मोहाची फुलं, डिंक आणि मजुरी. रेशनचं दुकान खालच्या गावात. मधे नाला. माणसं डोक्यावर पोती घेऊन चढ चढायची. गावाला दुकान वर, आपल्या गावात हवं होतं. त्यासाठी पत्रक काढायचं होतं आणि त्याच्या पहिल्या पानावर बैठकीचा एक फोटो जाणार होता. एकच. कुठला, हे नाना ठरवणार होते. नाना म्हणजे धुळ्याचे निवृत्त शिक्षक, आमच्या मंडळाचे सगळ्यात वडीलधारे. ते फोटो चाळायचे तेही उत्तरपत्रिका तपासल्यासारखे. आजवर पहिल्या पानावर माझाच फोटो असायचा. स्पर्धाच नव्हती, हे खरं. पण राज्य ते राज्य.

बैठक मोहाच्या झाडाखाली होती. त्या गावाची बसण्याची एक पद्धत होती: कोंडाळं करून बसायचं आणि कुणी कुणाला पाठ दाखवायची नाही. बायकाही त्याच कोंडाळ्यात, बाजूला नाहीत. मी पाहिलेल्या कुठल्याही सभेपेक्षा ही पद्धत न्यायाची होती, आणि माझ्या पन्नासच्या लेन्सला ती सर्वांत अवघड होती. बाहेरून फोटो घ्यावा तर पुढे पाठीच पाठी. मागे सरकलो तर काटेरी कुंपण. बोलणारा आला तर ऐकणारे जात, ऐकणारे घेतले तर बोलणारा जाई. मी कोंडाळ्याभोवती फिरत राहिलो, गाय शोधणाऱ्या गुराख्यासारखा.

मित्र सरळ कोंडाळ्यात जाऊन बसला. मांडी घालून, इतरांसारखा. पाय पोटाशी घेतले. कुणी हातावर चहाचा पेला ठेवला, तो प्यायला. मग कॅमेरा वर उचलला.

तेवढ्यात सगळ्यांत म्हातारी अक्का बोलायला लागली. तिने भाषण केलं नाही. "दुकान खाले शे, पोट वर शे," एवढं म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर हसली. कोंडाळं हसलं. मी तेव्हा मित्राच्या डाव्या हाताला, अक्काच्या मागे उभा होतो. फोटोच्या बाहेर उभा आहे अशी माझी खात्री होती. माझा डोळा अक्काकडे नव्हता. मी मित्राच्या बोटाकडे पाहत होतो. बटण दाबल्याचा आवाज ऐकला.

धुळ्याला नानांच्या ओसरीवर दोघांचे फोटो पसरले. नानांनी माझे पाहिले. "स्वच्छ आहेत," ते म्हणाले. शाळेत ज्याला निबंधात काहीच सुचलेलं नसतं, त्याच्या अक्षराचं असं कौतुक करतात. मग मित्राचे पाहिले आणि एकावर थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पाठ कुणाचीच नाही," ते म्हणाले. "सगळे समोर. हे तुला कसं जमलं रे?"

"मी नाही नाना, ते लोकच तसे बसते," मित्र म्हणाला.

त्याचा तो नम्रपणासुद्धा मला सहन झाला नाही. मी वाकून फोटो पाहिला. मोहाच्या फांद्या वर कमानीसारख्या वाकलेल्या, खाली कोंडाळं पूर्ण, प्रत्येक तोंड उजेडात, आणि सगळे अक्काच्या त्या वाक्याला हसताहेत. अक्का डाव्या कडेला. आणि तिच्याही वर, अगदी कडेवर, धनुष्यासारखा वाकलेला, उभा एकच माणूस. मान मित्राकडे. ओठ आत ओढलेले. कपाळाला आठी. ते तोंड मी आरशात कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखायला चूक झाली नाही.

"नाना, कड कापावी लागेल," मी म्हणालो. "बैठक गावाची आहे. मंडळाचा माणूस फोटोत कशाला? तत्त्वाला धरून नाही."

"काप," मित्र म्हणाला. "माह्यं काय जाते."

नानांनी पट्टी घेतली आणि माझ्या तोंडाच्या आतल्या बाजूला उभी ठेवली. पट्टीच्या बाहेर मी गेलो. आणि माझ्याबरोबर अक्का गेली. पट्टी सरकवून पाहिली. मी गेलो की ती जायची, ती राहिली की मी राहायचो. माशाच्या डोळ्याने आम्हा दोघांना एकाच कडेत वाकवून शिवलं होतं.

"मजकूर तुझा आहे," नाना म्हणाले. "ठरव तूच. बाकी कुठला फोटो घ्यायचा असेल तर तुझाही एक स्वच्छ आहेच."

म्हणजे वाट होती. माझा फोटो पहिल्या पानावर, माझं तोंड कुठेच नाही. मी ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून बराच वेळ बसलो. माझ्या फोटोत पाठी होत्या. खांदे, पागोटी, एका बाईची वेणी. त्याच्यात गाव होतं. मथळा मी आधीच पक्का केला होता, अक्काचंच वाक्य: दुकान खाली, पोट वर. बाईचं वाक्य वर मोठ्या टाइपात घ्यायचं आणि बाई कापायची? मला पत्रकांनी वाढवलंय. तेवढं मी करू शकत नव्हतो.

"राहू द्या," मी म्हणालो.

तर असं ते पत्रक निघालं. मथळा अक्काचा, फोटो त्याचा. त्यात माझं काय होतं? माझं तोंड. शिरपूरच्या स्टँडवर, शिंदखेड्याच्या बाजारात, धुळ्याच्या भिंतींवर मी जळत उभा होतो. बहिणीचा निरोप आला की दाजींनी मला ओळखलं आणि तब्येत बरी आहे का विचारलं.

पत्रकं घेऊन आम्ही दोघं परत त्या गावात गेलो. माणसं मोहाखाली जमली, पत्रकावर वाकली, आपापली तोंडं बोटाने शोधू लागली. हा मी, ही तू, हे पोर कुणाचं. सगळ्यांना सगळे सापडले. मग अक्काचं बोट कडेवर थांबलं.

"हाऊ कोन शे?" तिने विचारलं. "याना तोंडले काय व्हयनं?"

मित्राने खाली पाहिलं. त्याचे खांदे हलत होते.

"बठ्ठा हासी राह्यनात," अक्का म्हणाली, "हाऊ एकलाच जयी राह्यना." मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पत्रकाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "तूच ना?"

सगळे हसताहेत, हा एकटाच जळतोय; जळणं म्हणजे त्यांच्या बोलीत जयणं. हो म्हणालो. मला वाटलं, आता हसतील. पण कुणी हसलं नाही. पत्रकं बाजूला ठेवली गेली. एक आबा होते, गावात वाद मिटवणारे, त्यांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. माणसं उठली, सरकली आणि बघता बघता त्यांचं कोंडाळं झालं. मधे मी.

"आमनं चुकनं," आबा म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्या गावात बैठकीला सगळे बसतात. ज्याला तक्रार आहे तोच उभा राहतो. त्याने काही बोलायची गरज नाही, उभं राहिलं की पुरे. मग कुणीतरी विचारायचं, सांग काय ते. आणि उभ्या माणसाला विचारलं नाही, तो तसाच घरी गेला, तर तो गावाचा दोष. त्या दिवशी पाहुणे आले म्हणून गडबड होती, दुकानाचं बोलणं चालू होतं, आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आता छापलेल्या कागदावर, सगळ्या तालुक्यात, त्यांच्या बैठकीत एक माणूस तक्रार घेऊन उभा दिसत होता आणि त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. त्यांना माझ्या तोंडाची नाही, स्वतःची लाज वाटत होती.

"आबा, तसं काही नव्हतं," मी म्हणालो. "मी फक्त उभा होतो."

"फक्त उभा कोनी राहस का?" आबा म्हणाले. "बठ. आते सांग."

मी बसलो. समोर मित्र, गळ्यात कॅमेरा, त्यावर ती फुगीर काच, झाकण न लावलेली. मी आयुष्यात बरीच निवेदनं लिहिली आहेत, आमच्या न्याय्य मागण्या खालीलप्रमाणे, वगैरे. ही मागणी त्या भाषेत सांगता येईना. मी म्हणालो की याच्याकडे जी काच आहे ती माझ्याकडे नाही. याचा फोटो चांगला येतो. मी याच्या आधीपासून काढतो. तुम्ही लोक याला चहा देता.

"तुलेबी दिन्था," एक बाई म्हणाली.

"दिला होता," मी म्हणालो. "पण याला आधी दिला."

"म्हंजे तू जयस," अक्का म्हणाली, निदान केल्यासारखं.

"हो."

"जयगावना शे ना," मागून कुणीतरी म्हणालं, "जयीच."

आता मात्र कोंडाळं हसलं. मित्र सगळ्यांत जास्त. आबा हसले नाहीत. त्यांच्यापुढे तक्रार आली होती आणि ती त्यांनी शेताच्या बांधाच्या तक्रारीसारखीच घेतली. त्यांनी मित्राला विचारलं, ही काच तुझीच का? माझीच. कुणाची हिसकावलेली नाही ना? नाही, दाजींनी दिली.

"पुढली बैठकपावत त्याले दी टाक," ते म्हणाले. "आनि त्यानी तू ले. एकलाचं लेवानं नही." म्हणजे पुढच्या बैठकीपर्यंत अदलाबदल, एकतर्फी घेणं नाही.

मित्राने वाद घातला नाही. माझ्या कॅमेऱ्याला ती लेन्स बसत नव्हती, म्हणून त्याने कॅमेऱ्यासकट गळ्यातून काढली आणि माझ्या गळ्यात घातली. "घे भाऊ. फक्त पुसताना थुंकी नको लावू." मी माझा जुना कॅमेरा त्याला दिला. तो देताना मला पहिल्यांदा वाटलं की तो किती हलका आहे.

तुम्हाला वाटेल की इथे माझं जळणं संपलं. मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्या रोलमध्ये माझे पाय आले. दुसऱ्यात सूर्य आला, कारण त्या डोळ्यातून सूर्याला बाहेर ठेवणं फार अवघड असतं, तो कुठून तरी शिरतोच आणि काचेत पांढरे ठिपके सांडतो. जिनिंगमध्ये कापसाचा ढीग घ्यायला गेलो, तर ढीग लांबून उशीएवढा दिसला. फिशआय लांबच्याला लहान करते आणि जवळच्याला अंगावर आणते. मला लांब उभं राहायची सवय होती. लांब उभं राहून मत देता येतं. हिच्याबरोबर ते चालत नव्हतं. ढिगापर्यंत जावं लागलं, मग ढिगावर चढावं लागलं, मग कापूस निवडणाऱ्या बायकांच्या मधे, त्यांच्या इतकं जवळ की त्यांनी आधी माझं गाव, जात, लग्न झालं का आणि या काचेचं नाव काय ते विचारून घेतलं. काचेवर कापसाचे तंतू बसले. एकीने पदराने पुसायला हात पुढे केला आणि मी असा दचकून मागे सरलो की ती म्हणाली, "खात नही तुना मासाले."

तो फोटो बरा आला. तिचा हात कडेकडून मोठा होऊन येतोय आणि मागे सगळ्याजणी हसताहेत, पांढरा डोंगर वर कमान धरून. मी तो घेऊन धुळ्याला गेलो. मला खात्री होती.

नानांच्या ओसरीवर मित्राचेही फोटो होते. माझ्या कॅमेऱ्यातले. पन्नासचे. माझ्याच लेन्सचे, जिने मी वर्षानुवर्षं पाठी आणि पागोटी काढली होती. त्यातल्या एकात अक्काचे दोन पाय होते, फक्त पाय, नाल्याच्या दगडावर, टाचेवर भेगा, आणि वरून पोत्यातून गळलेले गव्हाचे चार दाणे दगडावर पडलेले. सरळ उभं राहून, सरळ पाहून, सरळ दाबलेला. माझं तत्त्व, त्याच्या हातात.

नानांनी माझा पाहिला. "चांगला आहे," म्हणाले. मग अक्काचे पाय उचलले आणि कितीतरी वेळ खाली ठेवले नाहीत. पुढच्या पत्रकावर तेच गेले.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो. तोवर मला तो माणूस जवळ काय बाळगतो याचा हेवा होता. आता त्याला काय दिसतं याचा वाटायला लागला, आणि त्याचा निवाडा आबांकडेही नव्हता. तशी काच गळ्यातून काढून देता येत नाही.

पुढच्या बैठकीला मित्र आलाच नाही. घरच्या बागेत केळी तयार झाली होती, वडिलांना एकट्याने होत नव्हतं, आणि तो स्टेशनवर वॅगन भरून घेत होता. नंतर तो तिकडेच रमला. मी कॅमेऱ्यासकट लेन्स परत द्यायला रावेरला गेलो. तो खळ्यात घडांवर पाला टाकत होता, हात चिकाने काळे झालेले.

"राहू दे तुह्याकडे," तो म्हणाला. "मले आता कुठी येळ आहे."

"दाजींनी दिलेली आहे तुला."

"दाजी दुसरी आणतीन." मग माझ्या तोंडाकडे पाहून हसला. "आता का जयते तुले? दिली ना."

ज्याला एखादी वस्तू इतकी सहज सोडता येते त्याचा हेवा कसा सांगायचा? मला ती मिळाली तेव्हा मी टॉवेलात गुंडाळून, टॉवेल पिशवीत, पिशवी मांडीवर घेऊन घरी आलो होतो.

ती आज माझी आहे. काचेवर एक बारीक ओरखडा आहे, कडं फिरवताना जरा खरखरतं. गावात रेशनचं दुकान आता वर येतं, आठवड्यातून काही दिवस, शाळेच्या व्हरांड्यात. ते पत्रकामुळे आलं की अक्का स्वतः तहसीलला जाऊन बसली म्हणून आलं, मला माहीत नाही, आणि पत्रक लिहिणाऱ्याने असं श्रेय घेऊ नये. मी अजून त्या गावात जातो. कोंडाळ्यात बसतो, पाय पोटाशी घेतो, डोळा लावतो. बटण दाबायच्या आधी मी आता कडा पाहतो. डावी, मग उजवी. समोरचं तर कुणालाही दिसतं.

त्या कडांवर, शहरातल्या सभांमध्ये, मला नेहमी कुणीतरी उभा दिसतो. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी उभा. हात बांधलेले, ओठ आत ओढलेले. आम्ही व्यासपीठावरून 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हणतो आणि त्याच्याकडे पाहत नाही. त्याचं म्हणणं क्षुद्र असेल. माझं होतंच. पण त्या डोंगराच्या पायथ्याशी माणसांनी माझ्या क्षुद्र म्हणण्यासाठी पत्रक बाजूला ठेवून कोंडाळं केलं होतं.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या पुढच्या बैठकीला, मग ती सोसायटीची असो, शाळेची असो की पक्षाची, कडेला असा कुणी उभा दिसला, तर आधी सरकून त्याला जागा करून द्या. तो बसला की विचारा, सांग तुझं काय म्हणणं आहे. आणि तो म्हणाला, काही नाही, मी फक्त उभा आहे, तर त्याचं खरं मानू नका. पुन्हा विचारा.